लूपलाइनवरचे अण्णा

सकाळी सहाला आमच्या गल्लीत पहिला आवाज दूधवाल्याचा येत नाही, हातोडीचा येतो. टण्ण. मग थोडी शांतता. पुन्हा टण्ण. तिसरा आवाज जरा बसका आला, की मी पांघरूण डोक्यावर ओढून घेतो. दहा मिनिटांत गेटची कडी वाजणार आणि “ओ सर, जरा टॉर्च धरायला येताव का?” अशी हाक येणार, हे ठरलेलंच.

हातोडी अण्णांची. अण्णा रेल्वेच्या कॅरेज अँड वॅगन खात्यातून निवृत्त झाले. प्रवासी फलाटावर चहा पीत असताना गाडीच्या पलीकडच्या अंगानं एक माणूस वाकून प्रत्येक चाकावर हातोडी मारत जायचा, तो आठवतो का? अण्णा तो माणूस. चाक निरोगी असेल तर घंटेसारखं वाजतं, तडा असेल तर थड करतं. आयुष्यभर असं ऐकल्यामुळे त्यांचे कान फार तयार झाले आहेत. आमच्या घरातला कुकरही त्यांनी गल्लीतून जाता जाता ओळखला होता: “सर, शिट्टीच्या खालचं रबर बदला.” रबर खरंच गेलं होतं.

निवृत्तीनंतर बाकीचे लोक योगासनं करतात, सोसायटीच्या सेक्रेटरीशी भांडतात. अण्णांना वाजवायला चाकं उरली नव्हती, म्हणून त्यांनी चाकं विकत आणली.

मोहोळकडच्या एका मेव्हण्याकडे उसाची दोनचाकी ट्रॉली गंजत पडली होती. तिचा सांगाडा अण्णांनी उचलला, अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत नेऊन त्यावर पत्र्याची खोली चढवून घेतली आणि ओढायला वडापातून निवृत्त झालेली कमांडर जीप घेतली. २०२१ साली राज्य सरकारनं कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, त्या बातमीचं कात्रण खोलीच्या दाराला आतून चिकटवलेलं आहे. आत स्लीपर डब्यासारखे दोन बर्थ, वरच्याला साखळ्या, खिडकीला खाली ओढायचं शटर. कोपऱ्यातल्या फळीच्या संडासावर त्यांनी स्वतःच्या हातानं पाटी रंगवली आहे: ‘गाडी स्थानकात उभी असताना शौचालयाचा वापर करू नये.’ गाडी कायम उभीच असायची, त्यामुळे त्या संडासाचं बरेच दिवस उद्घाटनच झालेलं नव्हतं.

गल्ली ह्या वाहनाला ‘लूपलाइन’ म्हणते. मेल पुढं जाऊ द्यायची म्हणून पॅसेंजर ज्या बाजूच्या रुळावर उभी करतात, ती लूपलाइन. गल्लीतून किती वराती पुढं गेल्या, किती पोरं पुण्याला नोकरीला निघून गेली. अण्णांचा ट्रेलर कोपऱ्यावरच्या मोकळ्या प्लॉटात वेड्या बाभळीच्या शेजारी सिग्नलची वाट बघत उभा.

तसं आमचं अख्खं जुळे सोलापूरच अण्णांच्या मते ट्रेलर आहे. “जुनं सोलापूर म्हणजे इंजन ओ. आपण मागनं जोडलेलो. मधली पिन म्हणजे आसऱ्याचा पूल. पिन तुटली की आपण हितंच.” इथली निम्मी घरं कुणाच्या ना कुणाच्या फंडातून उभी राहिलेली, त्यामुळे वेळ असलेल्या माणसांचा तुटवडा नाही. पण बाकीच्यांच्या वेळेला काम नाही, आणि अण्णांच्या कामाला वेळ पुरत नाही.

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. त्यांच्या घरी रेडिओ कायम उघडा, पंखा जमिनीवर, घड्याळाचे काटे बशीत. वस्तू वापरण्यासाठी असते, हे त्यांना तत्त्वतः मान्य असतं. पण ती बिघडलेली असली की त्यांच्या चेहऱ्यावर लग्नघरातलं तेज येतं. अण्णा फक्त ह्या जातीतलं मोठं, दोनचाकी उदाहरण.

त्यांचं बोलणं फार वेळ काल्थ्रॉप साहेबांना टाळू शकत नाही. अण्णा नोकरीला लागले ते कुर्डुवाडीच्या वर्कशॉपात. तिथली बार्शी लाइट रेल्वे, अडीच फुटी रुळांची छोटी गाडी, १८९७ साली सुरू झाली आणि ती बांधणारा इंजिनियर एव्हरार्ड काल्थ्रॉप. त्याचं म्हणणं असं, की इंजिन असो की वाघीण, कुठल्याही आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार पडता कामा नये. भार सारखा वाटला की हलक्या रुळावरनंही भरपूर माल नेता येतो. एवढी गोष्ट अण्णा पाऊण तास सांगू शकतात. काकूंनी घरात नियमच केला आहे: जेवताना काल्थ्रॉप नाही. हा काल्थ्रॉप पुढे पॅराशूट बनवायला लागला, हे मात्र खरं आहे, मी तपासून पाहिलं. गाडी रुळावर ठेवायला शिकवणारा माणूस विमानातून उडी कशी मारावी ह्याच्या मागे का लागला, हे अण्णांनाही सुचलेलं नाही, आणि तेवढ्यापुरती त्यांची साहेबांवर थोडी नाराजी आहे.

आता लूपलाइन हलत नसली म्हणून तिचा उपयोग होत नाही असं नाही. ती अण्णांचा दवाखाना आहे. मागे काहीतरी ओढणारा जो कोणी विजापूर रोडच्या ह्या बाजूला असेल, तो कधीतरी इथं येतो. उसाच्या ट्रॉलीवाले, पाण्याच्या टँकरवाले, जनरेटर ओढणारे मंडपवाले. फी नाही, फक्त ऐकून घ्यावं लागतं.

एकदा एक मंडपवाला आला. तीस-पस्तीसच्या पुढं गेलं की ट्रॉली शेपटी हलवते, म्हणाला. अण्णांनी ट्रॉली बघितलीही नाही. “खुर्च्या मागं आणि गाद्या पुढं भरायलास ना बे?” तो गार. वजन चाकाच्या मागे गेलं की दांडीचं तोंड वर उचलायला बघतं, हुकावर भार राहत नाही, आणि मग पुढचं वाहन ट्रॉलीला ओढत नाही, ट्रॉली त्याला हलवते. एकूण वजनाचा दहावा हिस्सा, किंवा थोडा जास्तच, हुकावर बसला पाहिजे. तो मोजायचा कसा, हेही अण्णांनी दाखवलं: आमच्या घरातला वजनकाटा नेला, त्यावर लाकडी ठोकळा ठेवला आणि ठोकळ्यावर दांडी टेकवली. खुर्च्या एकेक करून पुढं आणल्या तसा काटा चढत गेला. गल्ली क्रिकेटचा स्कोअर बघावा तशी बघत होती. तेव्हापासून आमच्या काट्यावर सगळ्यांचं वजन चार किलोनं कमी दिसतं, म्हणून घरातून कुणी तक्रार केलेली नाही.

“आणि शेपटी हलायला लागली तर ब्रेकवर नाचायचं नाही,” अण्णांनी जाताना त्याला बजावलं, “स्टेअरिंग सरळ धरायचं, पाय उचलायचा, गाडी आपोआप शांत होऊ द्यायची. घरात करतोस तसं.”

दुसरा एकजण आला तो ट्रॉलीचा डावा इंडिकेटर लावला की मागचे सगळेच दिवे मिणमिणतात म्हणून. तीन ठिकाणी दाखवून, नवी वायर ओढून झाली होती. अण्णांनी सांगाड्यावरच्या एका स्क्रूखालचा गंज पॉलिश पेपरनं घासला, वायर परत आवळली. दिवे शहाण्यासारखे वागायला लागले. “अर्थिंग! करंट म्हणजे उसनं दिलेलं पीठ ओ. परत यायची वाट धड नसली की ते भलत्याच घरी जातंय.”

टायरची तर ते पत्रिकाच मांडतात. टायरच्या अंगावर एका लंबगोलात चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. ओढायच्या गाडीचा टायर झिजून मरत नाही, उभ्या उभ्या उन्हानं मरतो. नक्षी नव्यासारखी आणि बाजूला भेगा. सोलापूरचा मे महिना काय असतो, हे टायरलाच विचारावं. माझ्या स्कूटरचा टायर वाचून ते म्हणाले, “३११५. दोन हजार पंधराचा एकतिसावा आठवडा. त्या वर्षीची आषाढी एकादशी ह्याच आठवड्यात, सत्तावीस जुलैला. टायर पुण्यवान हाय, पण आता त्याला सोडा.”

नाव घ्यावं असं एकच शास्त्र अण्णांना आलेलं नाही. रिव्हर्स.

सिद्धांत त्यांना पाठ आहे. मागे ट्रेलर असताना स्टेअरिंग उजवीकडे वळवलं की ट्रेलर डावीकडे जातो. म्हणून हात स्टेअरिंगच्या तळाशी धरावा, मग हात जिकडे जाईल तिकडे ट्रेलरचं बूड जातं. पण रेल्वेत मागे जाणं हे ड्रायव्हरचं काम, आणि तिथं रूळ असतात. गेल्या वर्षी प्लॉटमालकानं बाभूळ काढायला जेसीबी लावला, तेव्हा लूपलाइन रस्त्यावर आणून परत आत घालायची वेळ आली. सकाळी दहाला सुरुवात झाली. “येऊ दे, येऊ दे, येऊ दे” म्हणायला सोळा माणसं होती, आणि प्रत्येकाचं ‘येऊ दे’ वेगळ्या दिशेचं. एकानं पोरं बाजूला केली, एकानं कुत्री. कुत्र्यांना खरं तर कोणी बाजूला करायची गरज नव्हती. अण्णांनी त्यांच्या पट्ट्यांनासुद्धा लाल रिफ्लेक्टर चिकटवलेले आहेत. जीप आणि ट्रेलर मधोमध मोडलेल्या चमच्यासारखे दिसायला लागले. साडेअकराला ट्रेलरनं एका घराची तुळस हलवली. साडेबाराला ज्यांची तुळस हलली, त्यांनीच सगळ्यांना ताक दिलं. शेवटी दीड वाजता हूक सोडला आणि आम्ही बाराजणांनी हातानं ढकलून तो आत घातला. अण्णांनी कपडे झटकत सांगितलं, “ह्याला हँड शंटिंग म्हणतात.” रेल्वेचा शब्द मिळाल्याबरोबर त्यातला कमीपणा गेला.

तर प्रवास. लूपलाइन आणली तीच मुळी काकूंना देवस्थानं दाखवायला. पहिला बेत तुळजापूरचा, पंचेचाळीस किलोमीटर. निघायच्या आदल्या रात्री अण्णांनी जॅक लावून चाक फिरवलं आणि डावं बेअरिंग त्यांना ‘बोलताना’ ऐकू आलं. झालं. हब उघडला, ग्रीस धुतलं, कोन बदलला. मग नट आधी चाक फिरवत आवळायचा, मग किंचित सैल सोडायचा आणि स्प्लिट पिन घालायची, हे सगळ्या गल्लीला दाखवलं. जास्त आवळलं तर बेअरिंग तापून जळतं, सैल ठेवलं तर चाक लडबडतं. ह्यात तीन दिवस गेले. काकू दुसऱ्याच दिवशी एसटीनं तुळजापूरला जाऊन आल्या. अक्कलकोटच्या वेळी छत गळालं, काकू एसटीनं. गाणगापूरच्या वेळी टायरची पत्रिका जुळेना, काकू एसटीनं. २०२३ पासून बायकांना एसटीत निम्मं तिकीट झाल्यावर तर त्यांनी विचारणंच सोडलं. “हाफ तिकिटात देव भेटायलाय, ह्यांच्या बेअरिंगची वाट कशाला बघू?”

दरम्यान ट्रेलर मोकळा बसला नाही. आमच्याकडे नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येतं, तेव्हा त्याची तीनशे लिटरची टाकी ही गल्लीची टाकी झाली. माझे सासरे एकदा त्यात आठ दिवस राहिले आणि जाताना “गाडीत झोप छान लागली” म्हणाले.

सगळे देव एसटीनं संपल्यावर अण्णांना उपरती झाली, आणि त्यांनी देव नसलेलं ठिकाण काढलं. विजापूरची मलिक-ए-मैदान तोफ. ह्यामागेही भक्तीच होती म्हणा. १५४९ साली अहमदनगरात ओतलेली, पंचावन्न टनांची म्हणतात, पुढे परांड्याच्या किल्ल्यात होती आणि सतराव्या शतकात तिथून विजापूरला ओढत नेली. दहा हत्ती, चारशे बैल आणि शेकडो माणसं लागली, अशी सांगी आहे. “विचार करा सर. पंचावन्न टन. हूक कसला असंल? उताराला ब्रेक कसला?” ती आपल्याच विजापूर रोडनं गेली असणार, असं त्यांचं ठाम मत आहे. मी त्यावर काही बोललो नाही. गल्लीतल्या एका पोरानं मात्र विचारलं, “आणि अण्णा, रिव्हर्स कसा घेतला असंल?”

गड्ड्याची जत्रा आटोपली आणि जानेवारीच्या शेवटी एका शनिवारी आम्ही निघालो. सकाळी सहाला निघायचं होतं. ब्रेकचा दिवा, साखळी, नट, परत ब्रेकचा दिवा असं होता होता दुपारचे चार वाजले. काकू पुढं, मी मागच्या बाकावर टॉर्चसह. टॉर्च धरायचा अनुभव म्हणून मला घेतलं होतं. ट्रेलरमध्ये धपाटे, कडक भाकरी, शेंगाचटणीचा डबा, दोन सोलापुरी चादरी. गल्ली निरोपाला उभी. वरात पुढं जाते आणि लूपलाइन उभी राहते, ह्याची सवय असलेल्या लोकांना काय बोलावं कळेना. एका म्हातारीनं जीपवरून लिंबू ओवाळलं.

चाळीसच्या वेगानं दर पाच किलोमीटरला थांबा. अण्णा उतरायचे, हबला हाताची पाठ लावायचे. हात टिकला तर ठीक, चटका बसला तर ग्रीस गेलं. “कोमट. बाळाच्या दुधागत.” परत चढायचे. सोरेगाव मागे पडलं, ज्वारीची शेतं लागली. तेरामैलाच्या अलीकडे अंधार पडता पडता समोर रस्त्यात काहीतरी काळं, डोंगराएवढं दिसलं.

उसाची डबल ट्रॉली. मागची ट्रॉली निम्म्या लेनमध्ये उभी, दिवा नाही, रिफ्लेक्टर मोळ्यांनी झाकलेले. दोन ट्रॉल्यांमधली पिन तुटली होती. ड्रायव्हर पोरसवदा, फोनवर कुणाच्या तरी शिव्या खात होता. आमचे अण्णा जीपमधनं उतरले ते मी ह्यापूर्वी न पाहिलेले अण्णा होते. आधी त्यांनी मला टॉर्च घेऊन पन्नास पावलं मागं पिटाळलं, येणाऱ्या गाड्यांना हलवून दाखवायला. खिशातून रिफ्लेक्टरची गुंडाळी काढली आणि उसाच्या बुडख्यांवर, मडगार्डवर, ड्रायव्हरच्या पाठीवर पट्ट्या चिकटवल्या. मग तुटलेली पिन हातात घेऊन तिचा काप बघितला. “ही आज नाही तुटली. महिनाभर तुटायली होती. कुणी वाजवून बघितलं नाही.”

इथं मी एक जुनी गोष्ट सांगितली पाहिजे. ट्रेलर बनवताना एमआयडीसीतल्या फिटरनं चांगला गोळ्याचा हूक सुचवला होता. अण्णांनी हट्टानं उसाच्या ट्रॉलीच्याच मापाची पिन घेतली. का, तर वाटेत कधी तुटली, तर कुठल्याही ट्रॉलीवाल्याकडे मिळेल.

अण्णा आपल्या जीपमागे गेले, ट्रेलरच्या चाकाला ठोकळे लावले, पुढचा टेकू खाली सोडला, आपली पिन उपसली आणि त्या पोराच्या हातात दिली.

“अण्णा, आपलं कसं?” मी लांबून ओरडलो.

“ऊस वाळला की वजन घटतंय ओ. त्याचं नुकसान. आपल्याला कुठं काट्यावर जायचंय?”

ट्रॉल्या जोडल्या, पोरगं पाया पडलं आणि दोन मोळ्या ऊस टाकून गेलं. आम्ही जीपला दोरानं बांधून, ढकलून (म्हणजे हँड शंटिंगनं) लूपलाइन रस्त्यालगतच्या एका शेताच्या तोंडाशी घेतली. मी म्हणालो, जीप मोकळी आहे, घरी जाऊन जादाची पिन घेऊन येतो. अण्णांनी दोन जादा पिना केल्याचं मला माहीत होतं. एक आमच्या गेटला अडसर म्हणून होती.

“दुसरी कुठं हाय?” अण्णांनी विचारलं.

काकू ट्रेलरच्या पायरीवर बसून धपाट्याचे तुकडे करत होत्या. “उखळापाशी,” त्या म्हणाल्या. “गेल्या वर्षीपासनं शेंगाची चटणी त्यानंच कुटायलेय मी. चांगली जड हाय.” अण्णांनी हातातल्या धपाट्यावरच्या चटणीकडे पाहिलं आणि पुढचा घास जरा विचारपूर्वक चावला.

“जातो मी,” मी उठलो.

“रात्रीचं कशाला? सकाळी जावा की,” काकू म्हणाल्या, आणि आत जाऊन त्यांनी खालच्या बर्थवर चादर घातली. खिडकीचं शटर त्यांनी तीनदा वर-खाली करून बघितलं. मी जीपमध्ये झोपलो. मध्यरात्री ट्रेलरमधून पाण्याचा आवाज आला. संडासाचं उद्घाटन झालं होतं, आणि गाडी उभी होती.

सकाळी जाऊन मी पिन आणली. लसणाचा आणि तिखटाचा वास सबंध जीपमध्ये भरला होता. अण्णांनी ती पुसली, हुंगली, आणि हातोडीनं वाजवली. टण्ण. “तेल बसलंय शेंगाचं. ग्रीस लावायची गरज नाही.” मग चाकं वाजवली. उजवं टण्ण. डावं त्यांनी दोनदा वाजवलं, डोळे मिटून. “सर, डावं जरा बसकं वाटायलंय का? घरी जाऊन हब उघडावा म्हणतो.”

रस्ता चौपदरी झालेला, मधे दुभाजक. आमचं तोंड विजापूरकडे. मागे वळायचं तर रिव्हर्स, आणि तो विषय कुणी काढलाच नाही. पुढं दुभाजकात फट मिळेल तिथून वळू, असं अण्णांनी ठरवलं. मी मागे बसलो. काकू पुढं, मांडीवर ऊस.

किलोमीटरभरात फट दिसायला लागली. मला दिसली, काकूंना माझ्याआधी दिसली असावी. अण्णा डाव्या चाकाकडे कान लावून होते. त्यांनी पाय थोडा उचलल्यासारखं वाटलं.

“अहो,” काकूंनी उसाचं कांडं सोलत विचारलं, “ते तुमचे काल्थ्रॉप साहेब, रेल्वे सोडून पॅराशूट कशाला करायला गेले ओ?”

अण्णांनी क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत हा प्रश्न त्यांना घरातून कुणी विचारला नव्हता. “आता बघ,” ते सरसावून म्हणाले, “त्याचं असं हाय...”

फट आली आणि गेली. काकूंनी मागे न बघता मला एक कांडं दिलं.